अनाथ लाट आणि तिचे साक्षीदार : कॅस्केडियाच्या महाभूकंपाविषयी काही विचार

१

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत, समुद्रतळाखाली, पुढे केव्हातरी एक महाभूकंप होणार आहे, असे आज भूशास्त्रज्ञ निःशंकपणे सांगतात. विशेष हे की, असा भूकंप त्या किनाऱ्यावरील कोणत्याही यंत्राने अद्याप नोंदलेला नाही. आणि त्या प्रदेशात लेखन पोचल्यापासून तो कोणी अनुभवलेलाही नाही. असे असूनही मागील महाभूकंपाची तारीख, इतकेच नव्हे तर रात्रीचा प्रहरसुद्धा आपणांस ठाऊक आहे. ज्या घटनेविषयी त्या भूमीवर एक ओळही लिहिली गेली नाही, तिच्याविषयी इतके निश्चित विधान कसे करता आले?

हा प्रश्न एकट्या भूशास्त्राचा नाही. साक्ष कशी पारखावी, अनेक साक्षी एकमेकींशी कशा ताडून पाहाव्यात, आणि साक्षीदाराने योजलेल्या शब्दाला किती वजन द्यावे, हे त्यातील खरे प्रश्न आहेत. पोथ्यांचे पाठ जुळविणाऱ्या किंवा मौखिक कथने टिपून घेणाऱ्या अभ्यासकाला ते परके वाटू नयेत. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्र आहे; भूकंपशास्त्रात नवीन काही सांगण्याचा त्याचा अधिकार नाही. त्या शास्त्राने सिद्ध केलेल्या गोष्टी साक्षीच्या अंगाने मांडून दाखवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम त्या भूमीची रचना पाहू. कॅनडातील व्हँकूव्हर बेटापासून उत्तर कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो भूशिरापर्यंत सुमारे एक हजार किलोमीटर लांबीचा एक पट्टा समुद्रतळाखालून जातो. त्यास कॅस्केडियाचा निमज्जन पट्टा म्हणतात. येथे ‘ह्वान दे फुका’ हा समुद्रतळाचा भूपट्ट वर्षाला तीन ते चार सेंटिमीटर या गतीने उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखाली शिरत आहे. दोन्ही भूपट्ट एकमेकांवरून सुरळीत घसरते, तर चिंतेचे कारण नव्हते. परंतु किनाऱ्याच्या बाहेरील बाजूस ते परस्परांत अडकून बसलेले आहेत. त्यामुळे वरच्या भूपट्टाची कड आत ढकलली जाते आणि तिच्यामागील किनारा कणाकणाने वर उचलला जातो. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजमापांत हे सरकणे आज स्पष्ट दिसते. वाकविलेल्या वेताप्रमाणे हा ताण साठत जातो. ज्या दिवशी अडकलेला भाग सुटतो, त्या दिवशी वरची कड समुद्राकडे झेपावते, समुद्रतळ उचलला जाऊन त्यावरील पाण्याचा लोट निघतो, आणि किनारा काही मिनिटांतच एक-दोन मीटर खचतो.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण तो नजरेआड झाल्याने लोकांत पुष्कळ गोंधळ होतो. ऑरेगॉनच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात ‘ब्लँको’ नावाचा विभंग आहे. तेथे पाच-सहा महत्तेचे भूकंप वारंवार होतात आणि प्रत्येक वेळी ‘मोठा भूकंप आला काय?’ अशी चर्चा सुरू होते. परंतु तेथील भूपट्ट एकमेकांच्या बाजूने आडवे सरकतात. समुद्रतळ फारसा वरखाली होत नाही, आणि म्हणून मोठी लाटही सहसा उद्भवत नाही. ५ डिसेंबर २०२४ रोजी मेंडोसिनो भूशिरालगत ७.० महत्तेचा भूकंप झाला, तोही अशाच आडव्या सरकण्याचा. तेव्हा लाटेचा इशारा देण्यात आला आणि थोड्याच वेळात तो मागे घेण्यात आला. महत्तेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते, हे लक्षात घेतले म्हणजे सहा महत्तेच्या धक्क्याने नऊ महत्तेचा ताण हलका होतो, ही समजूत किती निराधार आहे ते कळून येईल.

उलटपक्षी, खुद्द निमज्जन पट्टा जवळजवळ निःशब्द आहे. या शांततेचा अर्थ काय लावावा, यावर दीर्घकाळ वाद होता. येथे भूपट्ट बिनबोभाट घसरत असावेत, असे पुष्कळांचे मत होते. १९८४ मध्ये हीटन आणि कानामोरी यांनी कॅस्केडियाची तुलना जगातील इतर निमज्जन पट्ट्यांशी केली आणि ही शांतता अडकलेपणाचीही असू शकेल, असे दाखवून दिले. मौनाचे असे दोन अर्थ संभवतात तेव्हा निर्णय मौनाच्या बाहेरील पुराव्यानेच करावा लागतो.

३

तो पुरावा प्रथम चिखलात सापडला. १९८७ मध्ये ब्रायन ॲटवॉटर यांनी वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील खाड्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. आपल्या कोकणात ज्यांना खाजणे म्हणतात, तशा भरतीच्या दलदली तेथे आहेत. त्यांच्या काठांवर ओहोटीच्या वेळी मातीचे थर उघडे पडतात. ॲटवॉटर यांना जुन्या खाजणाची, गवतमुळांनी भरलेली माती आढळली. तिच्यावर एकदम भरतीच्या गाळाचा थर होता. कित्येक ठिकाणी या दोहोंच्या मध्ये समुद्राकडून आलेल्या वाळूचा पातळ पदर होता. गवताच्या काड्या त्या वाळूत उभ्याच्या उभ्या गाडल्या गेल्या होत्या. जमीन हळूहळू बुडाली असती, तर गवत आधी कुजले असते. काड्या टिकल्या, त्या अर्थी जमीन अकस्मात खचली आणि लगोलग वाळू आली. ऑरेगॉनमधील सॅमन नदीच्या मुखाशी तर मूळ रहिवाशांच्या चुलींचे अवशेषही अशाच वाळूखाली मिळाले आहेत.

याच किनाऱ्यावर कोपालिस नदीकाठी सीडर वृक्षांचे एक मृत रान उभे आहे. तेथील लोक त्यास ‘भुतांचे रान’ म्हणतात. खचलेल्या जमिनीवर खारे पाणी शिरले आणि वृक्ष उभ्याउभ्याच मेले. उभ्या खोडांची बाहेरची वलये काळाने झिजून गेली होती. म्हणून संशोधकांनी सालीसह टिकून राहिलेली मुळे खणून काढली आणि त्यांतील वलयांचा क्रम जुन्या जिवंत वृक्षांच्या वलयांशी ताडून पाहिला. १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शेवटचे वलय १६९९ सालचे होते. त्या वर्षीची वाढ पुरी झाली होती आणि पुढील वर्षीची सुरू झालेली नव्हती. अर्थात १६९९ चा उन्हाळा सरल्यानंतर आणि १७०० चा वसंत संपण्यापूर्वी हे वृक्ष मेले.

४

भूमीने ऋतू सांगितला. तारीख आणि प्रहर मात्र समुद्राच्या पलीकडील कागदांनी सांगितला. जपानमध्ये गेन्रोकू शकाच्या १२व्या वर्षी, १२व्या महिन्याच्या ८व्या दिवशी, म्हणजे २७ जानेवारी १७०० च्या मध्यरात्रीच्या सुमारास, पूर्व किनाऱ्यावरील अनेक गावांत समुद्र चढला. आजच्या मियाको शहरात मोडणाऱ्या कुवागासाकी या गावी १३ घरे पाण्याने गेली आणि लागलेल्या आगीत आणखी २० घरे जळाली. नाकामिनातो बंदराबाहेर तांदळाने लादलेले एक गलबत पाण्याच्या ओढीमुळे आत येऊ शकले नाही. पुढे ते वादळात खडकांवर आपटून फुटले आणि दोन खलाशी दगावले. या नोंदी सरदारांच्या दप्तरांत, व्यापाऱ्यांच्या घरी आणि गावमुखियांच्या वह्यांत राहिल्या.

या लाटेचे कोडे असे की तिच्यापूर्वी जपानात कोणालाही धरणीकंप जाणवला नव्हता. जिचा जनक भूकंप माहीत नाही, अशा लाटेस पुढे इतिहासकारांनी ‘अनाथ त्सुनामी’ असे नाव दिले. मिहो या गावच्या मुखियाची नोंद या दृष्टीने फार मोलाची आहे. भूकंपानंतर समुद्राला असे उधाण येते हे त्याने ऐकलेले होते; पण आपल्या गावी किंवा आसपास भूकंप तर झालाच नाही, मग हे काय म्हणावे, अशी शंका त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवली. त्या काळच्या काही नोंदींत ‘त्सुनामी’ हा शब्दच येत नाही. मोठी भरती अशा अर्थाचे शब्द येतात. ‘त्सुनामी’ या समासाची फोड बंदर आणि लाट एवढीच असली, तरी बोलणाऱ्यांच्या मनात त्या शब्दाशी धरणीकंपाची पूर्वअट जोडलेली होती. अट पुरी झाली नाही, तेव्हा लेखकांनी शब्द वापरण्याचे टाळले. आजच्या अभ्यासकाला हे टाळणेच उपयोगी पडते. लाटेचा उगम दूर होता, ही गोष्ट त्या लेखकांनी नकळत नोंदवून ठेवली आहे.

१९९६ मध्ये साताके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी एकत्र करून लाटेचा उगम शोधला. दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश दप्तरांत त्या वेळच्या तशा मोठ्या भूकंपाचा उल्लेख नव्हता. अन्य शक्यता एकेक करून गळाल्यावर कॅस्केडिया उरला. सात हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर कापण्यास लाटेला सुमारे दहा तास लागतात, हा हिशेब मागे नेल्यावर उत्तर मिळाले ते असे : २६ जानेवारी १७००, अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावरील रात्रीचे सुमारे नऊ, महत्ता नऊच्या आसपास. पुढील वर्षी वृक्षवलयांचा निष्कर्ष आला आणि तो याच महिन्यांवर येऊन ठेपला. जपानच्या गावमुखियाची वही आणि वॉशिंग्टनच्या सीडरचे मूळ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. अशा दोन स्वतंत्र साक्षी जुळतात, तेव्हा पाठचिकित्सक ज्यास निर्णायक म्हणतो तसा पुरावा उभा राहतो.

५

तिसरी साक्ष वाणीची आहे. स्पॅनिश व इंग्रज जहाजे या किनाऱ्यावर आली ती १७७० नंतरच्या दशकात. त्यापूर्वी तेथे लेखन नव्हते, पण माणसे होती आणि त्यांच्या भाषा होत्या. व्हँकूव्हर बेटावरील पाचीना उपसागराकाठच्या हू-ए-आहत लोकांची कथा १९६४ मध्ये त्यांच्या एका वयोवृद्ध मुखियाकडून टिपली गेली. रात्रीच्या वेळी जमीन हादरली, थोड्या वेळाने समुद्र आला आणि सखल किनाऱ्यावरील वस्ती माणसांसकट नाहीशी झाली. उंचावरील वस्ती वाचली. यातील ‘रात्र’ ही जपानी नोंदींवरून काढलेल्या वेळेशी जुळते, आणि कथा टिपली गेली तेव्हा तो हिशेब कोणी केलेलाही नव्हता. त्याच किनाऱ्यावरील अनेक जमातींत गरुडासारखा मेघगर्जक पक्षी आणि देवमासा यांच्या झुंजीची कथा आढळते. त्या झुंजीत जमीन हादरते आणि पाणी उसळते.

अशा कथांना दोन प्रकारे अन्याय होतो. कोणी त्यांस निव्वळ कल्पित समजून बाजूस सारतो, तर कोणी त्यांतील प्रत्येक तपशील अक्षरशः खरा धरतो. १८६४ मध्ये नीआ बे येथे जेम्स स्वान यांनी मकाह जमातीच्या एका गृहस्थाकडून ऐकलेली हकीकत पाहावी. फार प्राचीन नव्हे अशा काळी समुद्र प्रथम मागे हटला, चार दिवस उपसागर कोरडा राहिला, मग पाणी चढले आणि होड्या झाडांत जाऊन अडकल्या, असे तीत आहे. समुद्र आधी मागे हटणे व नंतर चढणे, हा क्रम अशा लाटेच्या स्वभावाशी सुसंगत आहे. चार दिवस मात्र सुसंगत नाहीत. लाटेची एकेक हालचाल दिवसांची नव्हे, मिनिटांची असते. परंतु त्या किनाऱ्यावरील अनेक कथापरंपरांत चार हा संकेताचा आकडा आहे, हे जाणणारा अभ्यासक त्या आकड्यापाशी अडखळणार नाही. शिवाय या हकीकतीत भूकंपाचा उल्लेखच नाही. त्यामुळे ती १७०० सालचीच असे ठामपणे म्हणता येत नाही. कथेतील घटनाक्रम, संकेत आणि अलंकार हे वेगवेगळे करूनच तिची साक्ष घ्यावयाची असते.

या साक्षीची हानीही मोठी झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून देवीच्या साथींनी या किनाऱ्यावरील वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. पुढे निवासी शाळांतून मुलांना आपली भाषा बोलण्यास बंदी झाली. मकाह भाषा बालपणापासून बोलणारी शेवटची व्यक्ती २००२ साली निवर्तली. ती जमात आज आपली भाषा शाळेत पुन्हा शिकवीत आहे. परंतु मधल्या काळात ज्या कथा टिपल्या गेल्या नाहीत, त्या कोणत्या, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

६

एका घटनेवरून धोक्याचे प्रमाण काढता येत नाही. त्यासाठी पुनरावृत्ती माहीत असावी लागते. ती समुद्रतळाने दिली. मोठ्या भूकंपाने खंडाच्या उतारावरील गाळ सुटतो आणि गढूळ प्रवाहाच्या रूपाने समुद्राखालील घळ्यांतून वाहत जाऊन खोल तळावर थर करून बसतो. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याच्या राखेनंतरचे असे थर १९९० मध्ये जॉन ॲडम्स यांनी मोजले. ते निरनिराळ्या घळ्यांत प्रत्येकी १३ भरले. हे प्रवाह वेगवेगळ्या वेळी आले असते, तर घळ्यांच्या संगमाखाली त्यांची बेरीज दिसली असती. तेथेही १३ च होते. सर्व घळ्यांतील गाळ एकाच वेळी सुटला, असा याचा अर्थ होतो. आणि तसे घडविणारे कारण शेकडो किलोमीटर पसरलेल्या भूकंपावाचून दुसरे संभवणे कठीण आहे. पोथ्यांची वंशावळ लावताना शाखांतील समान खुणांवरून आपण ज्या रीतीने तर्क करतो, तीच ही रीत.

पुढे गोल्डफिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अभ्यासात गेल्या दहा हजार वर्षांतील ४१ मोठ्या भूकंपांची गणना केली. त्यांपैकी १९ सबंध पट्टा हलविणारे होते. उरलेले मुख्यतः दक्षिण भागापुरते. या गणनेप्रमाणे सबंध पट्ट्याच्या महाभूकंपांतील सरासरी अंतर सुमारे ५०० वर्षे येते, आणि दक्षिण भागात मोठ्या भूकंपांचे अंतर सुमारे २४० वर्षे. यावरून पुढील ५० वर्षांत सबंध पट्टा हलण्याची संभाव्यता साधारणपणे १० ते १५ टक्के, आणि दक्षिण भागात आठ किंवा अधिक महत्तेचा भूकंप होण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के सांगितली जाते. कोणत्या थराचा भूकंपाशी कितपत संबंध आहे, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. म्हणून हे आकडे अंदाजाचेच समजावेत.

सरासरी अंतर म्हणजे वेळापत्रक नव्हे, हेही विसरता कामा नये. दोन महाभूकंपांमध्ये कधी दोन-तीन शतके गेली आहेत, तर कधी हजारेक वर्षे. १७०० नंतर सव्वातीनशे वर्षे लोटली. त्यामुळे ‘अजून पावणेदोनशे वर्षे आहेत’ असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच ‘उद्याच होणार’ असे म्हणणेही चुकीचे.

७

साक्ष मिळाली म्हणजे तिचा उपयोग होतोच असे नाही. सन ८६९ मध्ये जपानच्या सेंदाई भागात आलेल्या लाटेची नोंद तेथील राजकीय इतिहासग्रंथात आहे, आणि तिने आणलेली वाळू किती आतवर पसरली हे भूशास्त्रज्ञांनी २०११ पूर्वीच दाखविले होते. त्या पुराव्याची पुरेशी दखल घेतली जाण्यापूर्वीच ११ मार्च २०११ चा भूकंप झाला, आणि अठरा हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्याच मियाको परिसरातील आनेयोशी नावाच्या वाडीत १९३३ च्या लाटेनंतर एक शिला उभारली गेली होती. या जागेच्या खाली घरे बांधू नयेत, अशी आज्ञा तिच्यावर कोरलेली आहे. वाडीने ती पाळली. २०११ ची लाट शिलेच्या थोडे खालीच थांबली आणि वरची घरे शाबूत राहिली.

सुमात्राजवळील सिमेलुवे बेटाचे उदाहरण भाषेच्या अभ्यासकाला अधिकच विचार करावयास लावील. १९०७ मध्ये तेथे लाटेने फार मोठी प्राणहानी झाली. त्यानंतर तेथील लोकांनी ‘स्मोंग’ हा शब्द अंगाईत, गाण्यांत आणि आजीच्या गोष्टींत जपला. जोराचा धरणीकंप झाला आणि समुद्र मागे हटला की टेकडीकडे पळावयाचे, हे सर्व त्या एका शब्दात सामावलेले आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्या बेटावर ‘स्मोंग’ अशी हाक उठली. सुमारे ७८,००० वस्तीच्या बेटावर फक्त सात माणसे दगावली; समोरच्या आचे किनाऱ्यावर, जेथे असा शब्द प्रचारात नव्हता, लाखाहून अधिक गेली.

आपल्याकडेही याचा अनुभव आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्यालगत आठाहून अधिक महत्तेचा भूकंप झाला आणि त्याची लाट मुंबईपर्यंत पोचून काही माणसे वाहून गेली. ती आठवण आज शहरात जवळजवळ उरलेली नाही. भरती, ओहोटी, उधाण असे बारकाव्याचे शब्द असलेल्या मराठीला या लाटेसाठी २००४ नंतर जपानी शब्दच जवळ करावा लागला.

कॅस्केडियाच्या किनाऱ्यावर आज या दोन्ही प्रवृत्ती शेजारी शेजारी दिसतात. ऑरेगॉन राज्याने १९९५ मध्ये लाटेच्या टप्प्यात नव्या शाळा, रुग्णालये व अग्निशामक केंद्रे बांधण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. २०१९ मध्ये तो प्रतिबंध उठविण्यात आला. याउलट वॉशिंग्टनमधील वेस्टपोर्ट येथे २०१६ मध्ये अशी शाळा उभी राहिली, की जिच्या छतावर गावकऱ्यांना आश्रय घेता येईल. क्विल्यूट जमातीने आपली शाळा समुद्राकाठावरून उंचावर हलविली. २०२२ पासून मुले तेथे शिकत आहेत. भूकंपानंतर तेथे पहिली लाट येण्यास पंधरा ते तीस मिनिटे लागतील, असा अंदाज आहे. तेवढ्या वेळात निर्णय करावयाचा, तर तो बराचसा आधीच झालेला असावा लागतो. भूमीची, कागदाची आणि वाणीची साक्ष जुळवून त्या लोकांना घटनेची तारीख मिळाली आहे. आता पुढील पिढ्यांच्या तोंडी राहील असे तिचे बोलते रूप त्यांना घडवावयाचे आहे. क्विल्यूट मुले रोज ज्या चढाने शाळेत जातात, त्या चढाची कारणकथा घरोघरी सांगितली जाऊ लागली, तर ते काम सुरू झाले असे म्हणता येईल.